दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाने करायची तयारी : पहिल्या भेटीपासून परीक्षेपर्यंत

प्रथम वर्षाला प्रवेश घेतलेला अंध विद्यार्थी पहिल्या पंधरवड्यात काय करतो, हे एकदा बारकाईने पाहावे. तो सहा विषयांच्या सहा प्राध्यापकांना वेगवेगळे गाठतो आणि प्रत्येकाला तेच सांगतो : मला फळा दिसत नाही, नोट्स संगणकाला वाचता येतील अशा द्या, चाचणीला मी सांगेन ते लिहून देणारा लेखनिक लागेल. ऑक्टोबर उजाडला की तो लेखनिकाच्या परवानगीसाठी परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभा असतो, आणि पुढच्या सत्रात प्राध्यापक बदलले की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. वर्गमित्र ज्या वेळात अभ्यास करतात, तो वेळ त्याचा अर्ज-विनंत्यांत जातो. ही धावपळ त्याच्या खांद्यावरून उतरवून संस्थेच्या नेहमीच्या कामकाजात बसवणे, हेच महाविद्यालयाचे खरे काम आहे आणि पुढची सारी मांडणी त्यासाठीच आहे.

हा लेख महाराष्ट्रातील वरिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, समान संधी कक्षाचे (अशा विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या महाविद्यालयातील विभागाचे) समन्वयक आणि प्रत्यक्ष वर्गात शिकवणारे प्राध्यापक यांच्यासाठी लिहिला आहे. विद्यार्थ्यांना आणि पालकांना तो आपली मागणी नेमक्या शब्दांत मांडण्यासाठी उपयोगी पडेल. येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. तालुक्याच्या गावातील, एकच लिपिक आणि एकच चालू स्थितीतला प्रिंटर असलेल्या महाविद्यालयालाही त्या करता येतात.

सवलत आणि समायोजन

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते या कायद्याने २१ केले. त्यामुळे अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणारी अडचण), स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मल्टिपल स्क्लेरोसिस असलेले विद्यार्थीही त्याच्या कक्षेत आले. कलम १६ नुसार शासनाच्या निधीवर चालणाऱ्या किंवा शासनमान्य अशा सर्व शिक्षणसंस्थांवर सर्वसमावेशक शिक्षणाची जबाबदारी आहे. कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचा स्पष्ट उल्लेख असून जादा वेळ आणि लेखनिक यांची नावेही तेथे आहेत. शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि वयोमर्यादेत ५ वर्षांची शिथिलता कलम ३२ देते.

या कायद्यातील सर्वांत महत्त्वाची कल्पना वाजवी समायोजनाची आहे. एखाद्या विद्यार्थ्याला इतरांच्या बरोबरीने शिकता यावे म्हणून संस्थेने आपल्या पद्धतीत करायचा आवश्यक आणि योग्य बदल, पण संस्थेवर अवास्तव भार पडणार नाही असा, ही त्याची व्याख्या आहे. आणि असा बदल नाकारणे हा भेदभाव समजला जातो. आपल्याकडे स्टाफरूमपासून सूचनाफलकापर्यंत याला ‘सवलत’ म्हटले जाते. मला हा शब्द खटकतो. सवलत म्हणजे कोणीतरी मोठ्या मनाने दिलेली सूट, आणि सूट देणाऱ्याला ती काढून घेता येते. लेखनिक मिळालेल्या विद्यार्थ्याला प्रश्नपत्रिका तीच असते, उत्तरे तपासण्याचा निकष तोच असतो. फक्त डोक्यातले कागदावर उतरण्याचा मार्ग वेगळा असतो. हा फरक प्राध्यापकांना एकदा पटला की ‘मग बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का’ हा प्रश्न सहसा उरत नाही.

न्यायालयांनीही हा मुद्दा पुरेसा स्पष्ट केला आहे. लेखनाच्या वेळी हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, म्हणजे विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितले की लेखनिक मिळण्यासाठी दिव्यांगत्व ४० टक्के असलेच पाहिजे, अशी अट घालता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असूनही लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. तरीही ‘चाळीस टक्के नाहीत, म्हणून काही करता येत नाही’ हे वाक्य अनेक कार्यालयांत अजून सर्रास ऐकू येते. जागांचे आरक्षण आणि परीक्षेतील समायोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कार्यालयातील प्रत्येक कर्मचाऱ्याला सांगून ठेवावे.

पहिली भेट आणि सोयीपत्र

सुरुवात प्रवेश अर्जापासून होते. बहुतेक अर्जांत ‘दिव्यांग आहात काय? होय/नाही’ एवढीच चौकट असते आणि ती आरक्षणासाठी असते. तिच्याखाली आणखी एक ओळ घालावी : ‘शिकताना, परीक्षा देताना किंवा आवारात वावरताना आपल्याला कोणत्याही सोयीची गरज भासते काय? ही माहिती केवळ समान संधी कक्षाकडे राहील.’ ज्यांच्याकडे अद्याप प्रमाणपत्र नाही, किंवा ज्यांना आरक्षण नको पण मदत हवी आहे, असे विद्यार्थी या दुसऱ्या ओळीमुळेच समोर येतात. आपला मानसिक आजार किंवा अध्ययन अक्षमता उघड करायला विद्यार्थी घाबरतात, आणि ही माहिती कोणाकडे जाणार हे आधी लिहिलेले असले तर ती भीती बरीच कमी होते.

वर्ग सुरू होण्यापूर्वी समन्वयकाने या विद्यार्थ्यांना एकेकट्याने भेटावे. भेटीसाठी अर्धा-पाऊण तास राखून ठेवावा आणि बोलणे विद्यार्थ्याशी करावे, सोबत आलेल्या आईवडिलांशी किंवा भावाशी नाही. आपल्याकडे पालक उत्साहाने उत्तरे देतात आणि मुलगा किंवा मुलगी शेजारी गप्प बसून राहते. अशा वेळी पालकांना नम्रपणे थांबवून विद्यार्थ्याकडे वळावे. कर्णबधिर विद्यार्थी दुभाष्याबरोबर आला असेल, तर पाहायचे विद्यार्थ्याकडे, दुभाष्याकडे नव्हे.

या भेटीत आजाराचा इतिहास विचारण्याची गरज नाही. ‘दहावी-बारावीला तू कसा अभ्यास करत होतास? काय उपयोगी पडले, काय पडले नाही?’ या प्रश्नाने बोलणे चांगले सुरू होते. पुढे फळ्यावरचे किती अंतरावरून दिसते, छापील अक्षर केवढे लागते, ब्रेल वाचता येते की संगणकावर ऐकून वाचण्याची सवय आहे, वर्गात बोललेले किती ऐकू येते, सलग किती वेळ लिहिता येते, जिने चढता येतात का, औषधांमुळे दिवसाच्या कोणत्या वेळी ग्लानी येते, असे कामाचे प्रश्न विचारावेत. एकाच प्रकारच्या दोन विद्यार्थ्यांच्या गरजा सारख्या नसतात. जन्मांध विद्यार्थी ब्रेलमध्ये सराईत असतो, तर कॉलेजच्या वयात दृष्टी गेलेल्या मुलीला ब्रेल येत नसते आणि तिचा सारा भर ध्वनीवर असतो; दोघांना एकच साहित्य देऊन चालत नाही.

भेटीत जे ठरेल ते एका पानावर लिहून काढावे. आमच्याकडे या पानाला सोयीपत्र म्हणतात. त्यावर निदान किंवा टक्केवारी लिहायची नाही. फक्त कोणती सोय, कोणी आणि कधीपर्यंत करायची ते लिहायचे. नमुन्यादाखल : ‘या विद्यार्थिनीस वर्गात पहिल्या बाकावर, दाराजवळ जागा द्यावी. व्याख्यानात वापरायची स्लाइड किंवा टिपण आदल्या दिवशी ई-मेलने पाठवावे. सर्व अंतर्गत चाचण्यांत प्रत्येक तासाला २० मिनिटे जादा वेळ व लेखनिक द्यावा. लेखनिकाची व्यवस्था समान संधी कक्ष करील. अडचण आल्यास विद्यार्थिनीने नव्हे, तर आपण कक्षाशी संपर्क साधावा.’ पत्रावर विद्यार्थिनीची संमती आणि प्राचार्यांची सही घ्यावी व ते संबंधित प्राध्यापक, परीक्षा विभाग आणि ग्रंथपाल यांना कक्षाने पोहोचवावे. शेवटचे वाक्य मुद्दाम घातले आहे. ते नसले की प्राध्यापक पुन्हा विद्यार्थिनीलाच बोलावून घेतात आणि पत्राचा हेतूच निघून जातो.

कागदपत्रांविषयी थोडेसे

वैश्विक ओळखपत्र, ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात, ते स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून आणि शासकीय रुग्णालयातील तपासणीनंतर मिळते. ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ८० टक्क्यांपर्यंत पिवळी आणि ८० टक्के व त्यापुढे निळी पट्टी, अशी त्याची ओळख आहे. कार्ड यायला वेळ लागतो. अर्जाची पावती आणि जुने प्रमाणपत्र दाखवणाऱ्या विद्यार्थ्याच्या सोयी कार्ड येईपर्यंत अडवून धरू नयेत.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत एक गोष्ट हमखास निसटते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या प्रमाणपत्रासाठी वयाच्या १४ व्या आणि १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते आणि १८ व्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आजीवन चालते. म्हणजे नेमके प्रथम वर्षाला येताना जुन्या प्रमाणपत्राचा काळ संपत आलेला असतो. दहावी-बारावीला मंडळाकडून जादा वेळ मिळालेली मुले महाविद्यालयात येऊन एकाएकी हे सारे गमावतात, कारण पुन्हा तपासणी करायची असते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुंबईत शीव आणि नायर यांसारख्या महापालिका रुग्णालयांत हे काम होते. इतर ठिकाणी जिल्हा रुग्णालयात चौकशी करून तारखा घ्याव्या लागतात. पहिल्या भेटीतच प्रमाणपत्राची तारीख पाहावी आणि विद्यार्थ्याला तपासणीला धाडावे.

याच भेटीत राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची, आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्यांना अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या वार्षिक ५०,००० रुपयांच्या सक्षम शिष्यवृत्तीची माहिती देऊन टाकावी.

वाचता येणारे साहित्य

अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त काम येथे आहे, आणि मराठी माध्यमात ते इंग्रजीपेक्षा अवघड आहे. एनव्हीडीए हे संगणकावरचे मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर मोफत असून ते मराठीही वाचते; अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासूनच असते. विद्यार्थी ही साधने सफाईने वापरतात. अडचण आपण देतो त्या फायलींत असते.

पहिली अडचण फॉन्टची. आपल्या कित्येक विभागांच्या जुन्या नोट्स, प्रश्नसंच आणि सूचना युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी समान अक्षरसंहिता येण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकलेल्या आहेत. पडद्यावर त्या मराठी दिसतात, पण संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग असते, आणि विद्यार्थ्याला कानात तीच ऐकू येते. दुसरी अडचण स्कॅन केलेल्या पीडीएफची. पुस्तकाच्या पानांचे फोटो काढून केलेली फाइल म्हणजे चित्रांची थप्पी. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ती कोरी पाने वाटतात. फाइल पाठवण्याआधी प्रत्येक प्राध्यापकाला करता येईल अशी एक तपासणी आहे : पीडीएफमधील एक ओळ निवडावी, कॉपी करावी आणि मोबाइलवरील कोणत्याही संदेशपेटीत चिकटवावी. ओळ जशीच्या तशी मराठीत उमटली तर फाइल ठीक आहे. ओळ निवडलीच गेली नाही तर ती चित्रे आहेत, आणि भलतीच अक्षरे उमटली तर फॉन्ट जुना आहे.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तके मोफत मिळतात. मात्र त्यांतून बाहेर पडलेल्या मजकुरात रफार, जोडाक्षरे आणि पोटफोडा ‘ष’ यांच्या चुका राहतात, त्यामुळे एकदा नजर फिरवावीच लागते. स्कॅन केलेल्या पानांवरून अक्षरे ओळखणारी सोय गूगल ड्राइव्हमध्ये आहे आणि देवनागरीसाठी ती बऱ्यापैकी चालते. छपाई स्वच्छ असली आणि पान सरळ धरलेले असले तर चुका कमी होतात. हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वाटून द्यावे. दोन स्वयंसेवकांनी आठवड्याला एक प्रकरण शुद्ध केले तरी सत्राअखेर एका विषयाचे पुस्तक तयार होते, आणि ते पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यालाही लागते. म्हणून या फायली ग्रंथालयात नीट नावे देऊन जपून ठेवाव्यात.

प्रकाशकाच्या परवानगीचा प्रश्न ग्रंथपाल हमखास काढतात. स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशी प्रत ना-नफा तत्त्वावर तयार करायला आणि त्यांना द्यायला मुभा दिली आहे. अंध वाचकांसाठीचा माराकेश करार सर्वप्रथम मान्य करणारा देशही भारतच, २०१४ साली. अट एवढीच की ही प्रत ज्याला गरज आहे त्यालाच द्यावी. वर्गाच्या गटावर टाकू नये.

नवे पुस्तक हाती घेण्याआधी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय तपासावे. ते २०१६ मध्ये सुरू झाले असून अनेक संस्थांनी तयार केलेली सुलभ पुस्तके तेथे एकत्र मिळतात. मराठी पुस्तकेही आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून चालणारे दृष्टिबाधितांसाठीचे संसाधन केंद्र समन्वयकांनी एकदा प्रत्यक्ष पाहून यावे. साहित्य, तंत्रज्ञान आणि परीक्षा ही तिन्ही कामे एका छपराखाली कशी चालतात हे तेथे कळते.

फाइल करताना शीर्षके केवळ ठळक न करता शीर्षकाची शैली लावावी, म्हणजे विद्यार्थी एका कळीने पुढच्या मुद्द्यावर जातो. आकृतीखाली दोन-तीन वाक्यांत तिचे वर्णन लिहावे. ‘मागणी वक्र दाखवणारी आकृती’ हे वर्णन नव्हे, ‘उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर मागणी, रेषा डावीकडून उजवीकडे खाली उतरते’ हे वर्णन आहे. अल्पदृष्टी विद्यार्थ्यासाठी छायाप्रत मोठी करून देण्यापेक्षा फाइलच द्यावी, कारण किती मोठे अक्षर हवे हे तो स्वतः ठरवू शकतो.

वर्गात

शिकवताना करायच्या बदलांपैकी बरेचसे बोलण्याच्या सवयीचे आहेत. ‘हे इथून इकडे गेले, म्हणून याची किंमत बदलली’ हे वाक्य फळा न दिसणाऱ्याला काहीच सांगत नाही. फळ्यावर लिहिताना ते उच्चारावे. ‘समीकरणाच्या डाव्या बाजूचे ३ उजवीकडे नेले’ असे म्हटले की पहिल्या बाकावरच्या अंध विद्यार्थ्याबरोबर शेवटच्या बाकावरच्यांनाही समजते.

कर्णबधिर विद्यार्थ्यांबाबत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. त्यांना लेखी मजकूर दिला की काम झाले, असे मानले जाते. लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते, तिचे व्याकरण मराठीहून वेगळे असते, आणि लेखी मराठी त्याच्यासाठी दुसरी भाषा असते. त्यामुळे त्याच्या उत्तरातील विभक्तिप्रत्यय किंवा क्रियापदे चुकली म्हणजे त्याला विषय कळला नाही, असे होत नाही. भाषेखेरीज इतर विषयांत उत्तर तपासताना आशय पाहावा, अशी लेखी सूचना विभागप्रमुखांनी द्यावी. दुभाषी मिळवण्यासाठी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेशी संपर्क साधता येतो. तेथे सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांचे प्रशिक्षण चालते. दुभाषी रोज मिळणे ग्रामीण भागात कठीण आहे हे खरे आहे, पण प्रवेशाच्या वेळचे मार्गदर्शन, प्रात्यक्षिकाची पहिली तासिका आणि तोंडी परीक्षा या तीन वेळांसाठी तरी तो आणावा.

श्रवणयंत्र वापरणाऱ्या किंवा ओठांवरून समजून घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी प्राध्यापकाने फळ्याकडे तोंड करून बोलू नये, खिडकीच्या उजेडाला पाठ करून उभे राहू नये आणि मागच्या बाकावरून आलेला प्रश्न आधी मोठ्याने पुन्हा सांगून मग उत्तर द्यावे. मराठी बोलणे लगोलग अक्षरांत उतरवणारी मोफत अॅप मोबाइलवर आहेत. पारिभाषिक शब्दांत ती चुकतात, म्हणून त्या दिवशीचे महत्त्वाचे शब्द फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावेत.

अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्याला अचानक उभे करून मोठ्याने वाचायला लावू नये. व्याख्यान ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी त्याला सोयीपत्रातच द्यावी. स्वमग्न विद्यार्थ्यांना वेळापत्रकातील ऐनवेळचे बदल त्रासदायक होतात, तेव्हा तासिका रद्द झाल्याचे त्यांना शक्य तितके आधी कळवावे.

दिसून न येणाऱ्या आजारांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. नंदुरबारमध्ये, तसेच गडचिरोली आणि विदर्भातील इतर जिल्ह्यांत सिकलसेलचे विद्यार्थी अनेक महाविद्यालयांत आहेत. या आजारात अंगात पाणी कमी पडले, थंडी लागली किंवा अतिश्रम झाले की असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो आणि विद्यार्थी आठवडाभर अंथरुणाला खिळतो. त्याला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्यावी, न विचारता पाणी प्यायला आणि स्वच्छतागृहात जायला मोकळीक असावी, आणि एनसीसी किंवा क्रीडा तासिकेत सक्ती नसावी. ७५ टक्के हजेरीचा नियम त्याच्या आड येतो, तेव्हा सत्र संपल्यावर माफीचा अर्ज लिहायला लावण्याऐवजी रुग्णालयाचे कागद महिन्याच्या महिन्याला कक्षाने जमा करून हजेरीची नोंद त्याच वेळी दुरुस्त करून घ्यावी.

प्रात्यक्षिकांच्या बाबतीत ‘सुरक्षिततेसाठी’ विद्यार्थ्याला प्रयोगशाळेबाहेर बसवणे ही सोपी पळवाट आहे. चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्यासाठी एक टेबल कमी उंचीचे करता येते. हात थरथरणाऱ्या विद्यार्थ्याने सूचना द्याव्यात आणि सहायकाने तशी कृती करावी, अशी परीक्षा घेता येते. प्रयोगाची पायरी, निरीक्षण आणि निष्कर्ष विद्यार्थ्याचेच असतात.

परीक्षा

केंद्र शासनाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत जादा वेळ ताशी किमान २० मिनिटे सांगितला आहे. म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे आणि पाऊण तासाच्या चाचणीला १५ मिनिटे. अंध, दोन्ही हात बाधित असलेले आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेले विद्यार्थी मागतील तर लेखनिक मिळतो. इतर प्रकारांत लिहिण्यास असमर्थ असल्याचे जिल्हा शल्यचिकित्सक किंवा तत्सम शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. विद्यार्थ्याने स्वतःचा लेखनिक आणला तर तो शिक्षणाने एक पायरी खालचा असावा, असे त्या सूचनांत म्हटले आहे. विद्यापीठे यावर आपापली परिपत्रके काढतात, म्हणून परीक्षा विभागाने चालू परिपत्रक सोयीपत्राला जोडून ठेवावे. अंतर्गत चाचण्यांत या सोयी ‘नंतर बघू’ म्हणून टाळल्या जातात. त्या गुणांचाही निकालात वाटा असतो, तेव्हा पहिल्या चाचणीपासून त्या द्याव्यात.

लेखनिक शोधणे हे विद्यार्थ्याचे काम समजले जाते आणि तेथेच सर्वाधिक हाल होतात. एक पायरी खालचा लेखनिक म्हणजे बहुधा कनिष्ठ महाविद्यालयातील किंवा खालच्या वर्गातील विद्यार्थी, आणि त्याची स्वतःची परीक्षा त्याच दिवसांत असते. परीक्षेच्या आदल्या रात्री लेखनिकाने येत नसल्याचे कळवल्यामुळे पेपर सोडून द्यावा लागलेली मुले मी पाहिली आहेत. यावर उपाय म्हणजे कक्षाने लेखनिकांची नोंदवही ठेवणे. जुलैमध्ये आवाहन करावे, नाव, वर्ग, विषय, भाषा, हस्ताक्षर आणि मोकळे दिवस लिहून घ्यावेत, आणि वेळापत्रक लागताच प्रत्येक पेपरला एक लेखनिक व एक राखीव लेखनिक नेमावा. लेखनिकाला प्रवासखर्च व मानधन महाविद्यालयाने द्यावे. विद्यार्थ्याच्या खिशातून ते जाऊ नये.

लेखनिकाला तासाभराचे प्रशिक्षण पुरते. प्रश्न जसा आहे तसा, घाई न करता वाचायचा. एकूण प्रश्न आणि गुण आधी सांगायचे. विद्यार्थी सांगेल तेच लिहायचे, त्यात सुधारणा करायची नाही, सुचवायचे नाही आणि चेहऱ्यावर किंवा आवाजात होकार-नकार दाखवायचा नाही. विद्यार्थ्याने ‘शेवटचे वाक्य वाचून दाखव’ म्हटले की न कंटाळता वाचायचे. इंग्रजी पेपरला कठीण स्पेलिंग विद्यार्थ्याने सांगायचे की लेखनिकाने लिहायचे, हे केंद्रप्रमुखांकडून आधी स्पष्ट करून घ्यावे. दोघांची भेट परीक्षेच्या किमान दोन दिवस आधी घडवावी आणि जुन्या प्रश्नपत्रिकेतील एक प्रश्न सोडवून पाहायला सांगावे. तोंडी उत्तर सांगणे हेही एक कौशल्य आहे. लिहिणारा हात बोलण्याच्या वेगाला गाठत नाही, हे विद्यार्थ्याला सरावानेच कळते.

बैठकव्यवस्था तळमजल्यावर आणि स्वतंत्र खोलीत असावी, कारण मोठ्याने बोलून लिहवून घेताना इतरांना त्रास होतो आणि विद्यार्थ्यालाही संकोच वाटतो. एका खोलीत दोन लेखनिक-जोड्या बसवू नयेत. संगणकावर स्वतः टंकून उत्तरे देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याला तो पर्याय द्यावा आणि आदल्या दिवशी यंत्र तपासू द्यावे. स्वतंत्रपणे लिहिता आल्याचा आनंद लेखनिकाच्या मदतीने मिळत नाही, असे विद्यार्थीच सांगतात.

पर्यवेक्षकांना आधी सांगणे अत्यावश्यक आहे. वैद्यकीय प्रवेश परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्याची अक्षमता, असलेल्या एका विद्यार्थिनीचा पेपर जादा वेळ न देता काढून घेतला गेला होता. २०२१ मध्ये ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि परीक्षा केंद्रांवरील कर्मचाऱ्यांना नियमित प्रशिक्षण द्यावे, असे न्यायालयाने सांगितले. पर्यवेक्षकाच्या हातात एक चिठ्ठी असावी : या खोलीतील पेपर दोन वाजता नव्हे, तीन वाजता संपेल. जादा तासासाठी पर्यवेक्षकाला थांबावे लागते. त्याची नेमणूकच तशी करावी, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांत ‘आटप लवकर’ असे कोणी म्हणणार नाही.

आवार

उताराचा रॅम्प १ : १२ या प्रमाणात असावा. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या चढायच्या असतील तर रॅम्प ५.४ मीटर लांब हवा. जागा कमी म्हणून बांधलेला दोन मीटरचा चढ चाकाच्या खुर्चीला धोकादायक असतो. लिफ्टसाठी निधी येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही : त्या वर्गाच्या सर्व तासिका तळमजल्यावर घेणे हे वेळापत्रक समितीच्या एका बैठकीत होते. सुलभ स्वच्छतागृहाला कुलूप लावून किल्ली शिपायाकडे ठेवण्याची पद्धत बंद करावी. स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आपल्या महाविद्यालयांत आहेत, आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात छायाचित्र जोडल्याने त्यांची अडचण दूर होत नाही.

नकार मिळाल्यास

विद्यार्थ्याने आधी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि अर्जात कलम १६ व १७ चा उल्लेख करून नेमकी कोणती सोय कोणत्या तारखेपर्यंत हवी ते लिहावे. महाविद्यालयाकडून व विद्यापीठाकडून उत्तर न आल्यास राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. परीक्षा तोंडावर असेल तर अर्जाच्या वर ठळकपणे परीक्षेची तारीख लिहावी.

सत्र संपले की समन्वयकाने सोयीपत्र पुन्हा विद्यार्थ्यापुढे ठेवावे. काय उपयोगी पडले नाही ते खोडावे, नवे काय लागेल ते घालावे आणि दुरुस्त पत्र पुढच्या सत्राच्या प्राध्यापकांना पहिल्या तासिकेआधी पोहोचेल असे पाहावे. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याला या पत्राची आणि मिळालेल्या परवानग्यांची सही-शिक्क्यासह प्रत द्यावी, कारण पदव्युत्तर प्रवेशाच्या वेळी नव्या विद्यापीठात आधीची सोय काय होती, हे विचारले जाते.